कापसाच्या मुलखातील घुमारा

खानदेशात आवाजाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याने आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारल्यास मी कपाशीच्या बोंडाकडे बोट दाखवीन. मोठ्या बंदिस्त दालनात ध्वनी घुमू नये म्हणून जगात जे जे उपाय योजिले गेले, त्यांतील बहुतेकांचे सार इतकेच निघते की, भिंतीला, छताला अथवा जमिनीला काहीतरी मऊ, सच्छिद्र आणि तंतुमय लावावे. आणि असा तंतू तर तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठच्या काळ्या जमिनीत गाड्या भरून पिकतो. असे असूनही जळगाव-धुळ्याच्या बाजूच्या एखाद्या नव्या, प्रशस्त, चकचकीत मंगल कार्यालयात जाऊन बसावे, तर भटजींच्या मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा एकच शब्द ओळखू येतो, आणि तोही तो येणार हे आधीपासून ठाऊक असते म्हणून! ज्या मुलखाने अवघ्या हिंदुस्थानाला गाद्या, गिरद्या आणि वस्त्रे पुरविली, त्याच मुलखातील सभागृहे उघडीबोडकी राहावीत आणि त्यांत माणसाचे बोलणे माणसाला कळू नये, ही विसंगती कोठून उत्पन्न झाली, हे शोधण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांचा थोडा निवाडा करणे अवश्य आहे, कारण बोलताना आपण पडसाद आणि घुमारा यांत भेद करीत नाही. समोरच्या कड्यावर आदळून आवाज स्वतंत्रपणे, जणू दुसऱ्याच कोणी उच्चारल्यासारखा परत येतो तो पडसाद. त्यासाठी कडा निदान सतरा मीटर दूर असावा लागतो, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून कमी अंतराने आलेले दोन आवाज कान वेगळे करीत नाही. घुमारा ही त्याहून फसवी वस्तू आहे. दालनाच्या सहाही बाजूंवर आदळून परतणारे शेकडो दुबळे पडसाद एकमेकांत मिसळतात, पहिले अक्षर विरण्याच्या आत दुसरे त्यावर येऊन पडते, आणि श्रोत्याच्या कानी शब्दाऐवजी शब्दाचा लगदा पोहोचतो. पडसादाची मुलांना गंमत वाटते. घुमाऱ्याची गंमत वाटलेला मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे. हां, मंत्रपठण करणारे आणि स्नानगृहात गाणारे एवढे वगळावे लागतील.

जुन्या खानदेशी वस्तीत घुमाऱ्याची तक्रार कोणी करीत नसे. येथले सर्वसामान्य घर धाब्याचे असे. सागाच्या किंवा निंबाच्या तुळया, त्यांवर किलच्या, त्यांवर पाला-काटक्यांचा थर आणि सर्वांवर हातभर खारी अथवा पांढरी माती चोपून केलेले सपाट छप्पर, अशी त्याची रचना. भिंती मातीच्या, जाड आणि शेणाने सारवलेल्या. गरिबाच्या घरी त्याही नाहीत, तर पऱ्हाट्यांचा कुड आणि त्याला आतून-बाहेरून लिंपण. हे घर उन्हापासून बचाव करण्यासाठी निर्माण झाले, ध्वनीसाठी नव्हे. भुसावळ-जळगावचा वैशाख ज्याने सोसला आहे त्याला हातभर मातीचे प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु जी ओबडधोबड, भेगाळलेली, भुसभुशीत पृष्ठे ऊन आत येऊ देत नाहीत, ती आवाजही पुरता परतवून लावीत नाहीत. आणि त्यातही खोली लहान, छत ठेंगणे, कोनाड्यांत आणि उतरंडींत सामान खचाखच भरलेले, वळचणीला चाऱ्याच्या पेंढ्या, भिंतीला टेकून धान्याच्या कणग्या, अशा जागी घुमारा शिरणार कोठून? आजीची कहाणी ओसरीच्या टोकाला बसलेल्या नातवाला जशीच्या तशी ऐकू जाई, याचे श्रेय आजीच्या वाणीला जितके आहे तितकेच त्या मातीला आहे.

श्रीमंताचा वाडा आणि व्यापाऱ्याची पेढी यांची तऱ्हा वेगळी होती. तेथे दिवाणखाना लांबरुंद, जमीन फरसबंद, भिंती चुनेगच्ची. म्हणजे घुमाऱ्याला सर्व अनुकूलता. तथापि त्या दालनात बैठकीचा जो सरंजाम असे तो पाहिला म्हणजे आश्चर्य वाटते. खाली जाजम, त्यावर सतरंजी, त्यावर गादी, गादीवर पांढरीशुभ्र चादर, मागे लोड, बाजूंना तक्के-गिरद्या, दारांवर पडदे, आणि समारंभप्रसंगी तुळयांखाली ताणून बांधलेले कापडी छत. येथे व्यापाराच्या जागेलाच ‘गादी’ म्हणण्याचा प्रघात पडला, तो काही उगीच नव्हे. अशा गादीवर कुजबुजत्या आवाजात हजारोंचे सौदे होत; आणि जेथे कुजबुजही नको असे तेथे दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत, ही गोष्ट निराळी. आपण एक ध्वनिशास्त्रीय व्यवस्था उभारीत आहोत असे त्या सावकारांच्या स्वप्नातही आले नसेल. त्यांना मऊ बसावयास हवे होते, आणि त्या मऊपणाबरोबर शांतता फुकट मिळत होती.

या व्यवस्थेचा खरा कारागीर मात्र पिंजारी होय. खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली फिरणारा, दबलेला कापूस उकलून त्याच्या गाद्या, रजया आणि लोड भरून देणारा हा मनुष्य खानदेशच्या गावगाड्यात सर्वांच्या परिचयाचा. त्याच्या धंद्यातील एक चमत्कार मला नेहमी विचारात पाडतो. त्याच्या हत्याराची ताणलेली तात मोगरीच्या आघाताने जो झणत्कार करी तो दोन आळ्यांपलीकडे ऐकू जाई, पण त्या झणत्कारातून जी वस्तू तयार होई ती सर्व आवाज गिळून टाकणारी असे. कापूस जितका पिंजावा तितकी त्यात हवा अधिक, आणि एका मर्यादेपर्यंत जितकी हवा अधिक तितके ध्वनीचे भक्षण अधिक, हे तत्त्व आहे. ध्वनी म्हणजे हवेचे आंदोलन. ते आंदोलन तंतूंच्या सूक्ष्म फटींत शिरले की तंतूंशी घासत घासत थकते आणि किंचित उष्णतेच्या रूपाने विलीन होते. दबून चिवट झालेली गादी पुन्हा पिंजावी लागते ती पाठीसाठी. पण ध्वनिशास्त्रज्ञाला विचाराल तर तोही हाच सल्ला देईल.

आता याहून फार प्राचीन काळाकडे वळू. खानदेशच्या दक्षिण सीमेवर अजिंठ्याचा डोंगर उभा आहे. चाळीसगावाहून पितळखोऱ्याची लेणी जवळ, आणि जळगावाहून अजिंठ्याची. राज्यकारभाराच्या नकाशात ही लेणी खानदेशात मोडत नसली, तरी ज्या वाघूर नदीने अजिंठ्याची दरी कोरली ती पुढे खानदेशातच उतरून तापीला मिळते, आणि अनेक परदेशी प्रवासी आजही जळगावच्या स्थानकावर उतरून तेथे जातात. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या फौजेतील अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव कोरून मोकळा झाला. हे लेणे म्हणजे इसवी सनापूर्वीचे चैत्यगृह, सुमारे तीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, एकोणचाळीस अष्टकोनी स्तंभांचे. त्यात उभे राहून हलकीशी टाळी वाजवावी, म्हणजे ती टाळी छताच्या कमानीत चढते, स्तूपाला वळसा घालते आणि सावकाश विरते. या जागी व्याख्यान देणे कठीण. परंतु एका सुरात, संथ लयीत, शंभर कंठांतून उठणारे पठण मात्र या दगडाने उचलून धरले असणार. घुमारा हा सर्वत्र दोष नव्हे. सुराला तो पोसतो, शब्दाला मारतो. चैत्यगृह सुरासाठी होते, आणि राहण्याचे व शिकण्याचे विहार ठेंगण्या छताचे होते, ही विभागणी मला केवळ योगायोगाची वाटत नाही. भिंतींना लावलेला गिलावाही नुसत्या चुन्याचा नव्हता. मातीत भाताचा तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू कालवून तो केलेला होता. चित्रे टिकावीत म्हणून केलेला हा उद्योग, पण नागड्या पाषाणापेक्षा असे पृष्ठ कानाला थोडे तरी दयाळू असणारच.

येथे भरताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहांचे प्रकार सांगताना आचार्य ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ अशी मापे देतात आणि सर्वांत मध्यम, म्हणजे चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद, हे माप प्रशस्त ठरवितात. कारण त्याहून मोठ्या गृहात पाठ्य विस्वर होते आणि मध्यमात पाठ्य व गेय दोन्ही सुखाने ऐकू येतात. पुढे तर ते असेही सांगतात की, नाट्यमंडप पर्वतातील गुहेच्या आकाराचा असावा, त्यात वारा शिरू नये आणि गवाक्षे लहान असावीत, म्हणजे आवाज गंभीर होतो. चौसष्ट हात म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे शहाण्णव फूट. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याची लांबी जवळजवळ तीच! यावरून भरताने अजिंठा पाहिला होता असा सिद्धांत मांडण्याचा मोह एखाद्या उत्साही संशोधकास होईल. मला तो होत नाही. मनुष्याचा कंठ आणि मनुष्याचे कान या दोहोंची शक्ती सर्वत्र सारखी असल्यामुळे, विचारपूर्वक बांधणारे सर्व लोक अखेर त्याच मापाजवळ येऊन थांबतात, एवढाच त्याचा अर्थ. भरताची ही शहाण्णव फुटांची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

मध्ययुगाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. थाळनेर आणि नंतर बुऱ्हाणपूर येथून खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांनी दगडी कमानींच्या वास्तू उभारल्या. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत तर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. कमान आणि घुमट आले म्हणजे घुमारा आलाच, आणि त्याची परमावधी पाहावयाची तर खानदेश सोडून विजापुरास जावे लागते. तेथील गोल घुमटाच्या सज्जात उच्चारलेला शब्द दहा-दहा वेळा परत येतो, आणि भिंतीशी पुटपुटलेले पलीकडच्या बाजूस कळते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०च्या सुमारास अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला, तेव्हा या घुमटाचाही त्यांनी विचार केला. परंतु तो घुमट महंमद आदिलशहाच्या कबरीवर उभा आहे. तेथे कोणाला काही समजावून सांगावयाचे नव्हते.

खरा पालट झाला तो आगगाडी आणि गिरणी यांच्यामुळे. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा गेला, त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची निकड भासू लागली, आणि खानदेशच्या कापसाला जे दिवस आले त्यांची आठवण जुन्या घराण्यांच्या दस्तऐवजांतून अजून निघते. त्यानंतरच्या दशकात जळगावास खानदेश मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरास प्रताप शेटजींची प्रताप मिल निघाली, पुढे धुळ्यास न्यू प्रताप मिल आली. चाळीसगावाहून धुळ्यापर्यंतचा फाटा १९०० साली सुरू झाला होता. गावोगाव जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. भोंग्याच्या आवाजाला गाव उठू लागले. ज्या प्रांतात मोठ्यात मोठा घरगुती आवाज म्हणजे जात्याचा, त्या प्रांतातील हजारो माणसे एकाएकी साचेखात्यात जाऊन उभी राहिली.

साचेखाते म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे अवघड आहे. मैदानासारखे लांबच लांब दालन, वर करवतीच्या दात्यांसारखे काचांचे छप्पर, खाली फरशी, आणि शेकडो साचे, म्हणजे यंत्रमाग, ओळीने मांडलेले. प्रत्येक साच्यावर धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि दर खेपेस लाकडी दांडीचा फटका बसतो. एका साच्याचा आवाज सहन होण्यासारखा असतो. शेकडोंचा मिळून जो होतो त्याला आवाज म्हणणेही बरोबर नाही, ती एक सलग भिंतच असते. आजच्या मापाने पंच्याण्णव ते शंभर डेसिबलपर्यंत तो जातो, आणि कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीस नव्वदची मर्यादा घातली आहे. साचेवाले एकमेकांशी ओठांच्या हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी बोलत. मुकादमाची शिवी ऐकू येत नसे, पण वाचता येत असे. घरी गेल्यावरही ही माणसे मोठ्याने बोलत, आणि शेजाऱ्यांना ते भांडण वाटे. ग्लासगोच्या थॉमस बार या वैद्याने १८८६ साली बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांचे कान तपासून हा बहिरेपणा धंद्याचाच असल्याचे दाखवून दिले होते. पण ती वार्ता तापीच्या खोऱ्यात येण्यास फार अवधी लागला. श्रवणशक्तीच्या या ऱ्हासाला कारखाना कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून स्थान मिळाले, तोपर्यंत कित्येक साचेवाल्यांचे कान हयातीभरासाठी गेलेले होते.

साच्याशी उभा राहणारा मनुष्य कानांत कापसाचे बोळे घालीत असे. ‘कानांत बोळे घालून बसणे’ हा वाक्प्रचार मराठीत दुर्लक्षाबद्दल निंदेने वापरतात, पण साचेखात्यात तो निंदेचा विषय नव्हता, निरुपायाचा होता. दुर्दैवाने कोरड्या कापसाचा बोळा असल्या आवाजाला फारसा अडवीत नाही. दाराला फट राहिली असता वारा जसा आत येतो तसा आवाज त्याच्या बाजूने शिरतो. आणि विरोधाभास असा की, ज्या खात्यात कापसाचे तंतू हवेत तरंगत होते, माणसांच्या भुवयांवर बसत होते, कोपऱ्याकोपऱ्यांत लोंबत होते, तेथल्याच भिंती आणि छप्पर मात्र नागडे होते. याला कारणेही होती, आणि ती सर्वच मालकांच्या कंजूषपणाची नव्हती. सूत तुटू नये म्हणून खात्यातील हवा मुद्दाम दमट ठेवावी लागे, आणि भिजलेले अस्तर कुजते. उडते तंतू आणि ठिणगी यांची गाठ पडली तर आगीला निमंत्रण. आणि साच्यापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मनुष्याला धोट्याचा फटका थेट ऐकू येत असल्यामुळे, छताला कितीही अस्तर लावले तरी त्याच्या कानाला मिळणारा आराम थोडकाच. हा आजार मुळाशीच, म्हणजे साच्यातच बरा करावा लागतो. धोट्याविना चालणारे माग आले तेव्हा तो काही अंशी बरा झाला. परंतु तोपर्यंत खानदेशातील जुन्या गिरण्यांचे भोंगे बंद पडण्याचे दिवस आले होते.

गिरणीने आणखी एक गोष्ट केली, जिचा विचार फारसा झालेला नाही: तिने मोठ्या दालनाची चटक लावली. लोखंडी कैची, पत्र्याचे छप्पर, विटांच्या भिंती, मधे खांब नाही, ही गिरणीची नि रेल्वेच्या गोदामाची रचना हळूहळू शाळांच्या सभागृहांत, नाटकगृहांत आणि शेवटी लग्नाच्या कार्यालयांत शिरली. नाटकवाल्यांनी तिचा त्रास आधी भोगला. नाट्यपद म्हणजे सूर आणि शब्द दोन्ही. घुमारा सुराला पोसणारा, तर शब्दाला मारणारा. सूर वाचवावा की शब्द, हा पेच ध्वनिवर्धकापूर्वीच्या प्रत्येक गायक-नटाने सोसला. नारायणराव राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांचे बालपणीचे काही दिवस जळगावात गेले आणि तेथेच मेहबूब खाँ यांच्यापाशी त्यांना गाण्याचे प्रारंभीचे शिक्षण मिळाले. रिकाम्या थिएटरातील तालमीत जो आवाज अंगावर येई तो खेळाच्या रात्री, पागोटी-उपरणी आणि लुगडी यांनी थिएटर भरले की, निवळे; प्रेक्षक ही कंपनीची कमाई तर होतीच, पण ती दालनाची गादीही होती. पत्र्याच्या थिएटरात गोणपाट लावणे, कनाती सोडणे, असे उपाय व्यवस्थापक मंडळी अनुभवाने करीत. जळगावकरांनी पुढे बालगंधर्वांच्या नावाने जे नाट्यगृह उभारले ते मात्र खुले ठेवले. आकाशाला घुमारा नसतो, हे खरे. पण रस्त्यावरच्या भोंग्यांना आकाश अडवीतही नाही!

ध्वनिवर्धक येण्याच्या आधीचे आणि नंतरचे जग यांतील अंतर खानदेशात पाच वर्षांचे आहे, असे म्हटले तर फार चुकणार नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने केली. साने गुरुजी ती भराभर लिहून घेत होते. वक्ता, लेखणी आणि श्रोत्यांचे मौन यांच्यामध्ये तेथे कोणतेही यंत्र नव्हते. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला खेड्यातील पहिले काँग्रेस-अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बसूंनी बांबू-चटयांनी सजविलेले ते नगर पाहावयास लोक लोटले, आणि तोपर्यंत मोठ्या राजकीय सभांत ध्वनिवर्धक रुळू लागले होते. उघड्या मैदानात त्या यंत्राने उपकारच केले. पण बंद दालनात ते आले आणि लोकांची समजूत झाली की, आता आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच मिटला. तो मिटला नाही. तो झाकला गेला. यंत्राने वक्त्याचा आवाज दुप्पट केला की घुमाराही दुप्पट होतो, आणि दोहोंमधील प्रमाण जेथल्या तेथे राहते. गढूळ पाणी मोठ्या भांड्यात ओतल्याने निवळत नाही.

या प्रश्नाला हिशेबाच्या वहीत प्रथम बसविले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाने. विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात कोणाचेही बोलणे कळेना, म्हणून १८९५ साली ते काम त्याच्या गळ्यात पडले. ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवावी आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा अवधी मोजावा, एवढीच त्याची पद्धत. आणि शहराचा गोंगाट नको म्हणून हा उद्योग मध्यरात्रीनंतर. रिकाम्या दालनात तो अवधी साडेपाच सेकंदांच्या घरात निघाला. मग त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकीच्या उशा रात्री वाहून आणल्या, एकेक करून मांडल्या, दर खेपेस मोजले, आणि पहाट होण्यापूर्वी त्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. आपल्या अंगावरचे कपडे बदलल्याने मोजमाप बदलते, हे ध्यानी आल्यावर त्याने हजारो नोंदी रद्द केल्या आणि पुढे प्रत्येक रात्री तोच पोशाख घालून तो बसू लागला. आमच्या सावकाराच्या बैठकीत लोड-तक्के जे काम न सांगता करीत होते, त्याचा ताळेबंद या गृहस्थाने उशा मोजून मांडला. त्याच्या शोधाचे सार असे: दालनाचे घनफळ घनमीटरांत घेऊन ०.१६१ने गुणावे आणि आतील सर्व पृष्ठांच्या शोषणशक्तीने भागावे, म्हणजे आवाज दशलक्षांश उरण्यास लागणारे सेकंद मिळतात. शोषणशक्ती मोजण्याचे त्याचे परिमाण मोठे सुंदर होते: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक. बोस्टनचे संगीतगृह या गणिताने बांधले गेले आणि १९०० साली उघडले. आपल्याकडेही भारतीय मानक संस्थेने १९६३ साली सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठी आयएस २५२६ हा संहिताग्रंथ प्रसिद्ध केला. तो मिळतो, आणि कंत्राटदार तो घेत नाहीत.

आता भरताच्या शहाण्णव फुटांकडे येऊ. एका तालुक्याच्या गावी नात्यातील लग्नास गेलो असताना, मंगलाष्टके कळत नाहीत म्हणून मी कंटाळून पावलांनी ते कार्यालय मोजले. लांबी तीस मीटर, रुंदी पंधरा. चौसष्ट हात आणि बत्तीस हात! मालकाने नकळत भरतमुनींचे मध्यम प्रेक्षागृह बांधले होते. परंतु फरशी गुळगुळीत, भिंतींना तैलरंग, वर सिमेंटचे सपाट छत, खिडक्यांना काचा, आणि थंड हवेचे यंत्र बसविल्यामुळे त्या काचा कायमच्या बंद. उंची सहा मीटर धरली तर घनफळ २,७०० घनमीटर आणि सर्व पृष्ठे मिळून १,४४० चौरस मीटर. असली पृष्ठे आवाजाचा शेकडा तीन एवढाच भाग शोषतात, म्हणजे अवघी त्रेचाळीस चौरस मीटर उघडी खिडकी. सबाइनच्या सूत्राने रिकाम्या दालनात आवाज विरण्यास दहा सेकंद लागतात. बोलणे स्वच्छ कळावयास तो अवधी एका सेकंदाच्या आसपास हवा. शंभर माणसे आली तर, माणशी साधारण अर्धा चौरस मीटर धरून, तो पाच सेकंदांवर येतो. चारशे आली तर दोनवर. पण मुहूर्ताच्या वेळी चारशे माणसे दालनात असतात कोठे? निम्मी जेवणाच्या पंगतीत आणि उरलेली वाहने लावण्याच्या विवंचनेत.

पूर्वी लग्न मांडवात होई. मांडव म्हणजे कापडाचे छत, कापडाच्या कनाती, खाली माती. त्यात मंगलाष्टकातील नव्या वहिनीच्या माहेरचे नावदेखील शेवटच्या रांगेतील म्हातारीला कळत असे. मांडव गेला, पक्के छत आले, आणि छताबरोबर जे कापड गेले त्याची भरपाई कोणी केली नाही. ती भरपाई करणे फार खर्चाचे नाही. वरील कार्यालयाच्या निम्म्या छताखाली, म्हणजे सव्वादोनशे चौरस मीटर जागेत, चार बोटे जाडीचा पिंजलेला कापूस विरळ विणीच्या कापडात शिवून, छतापासून वीतभर खाली टांगला, तर रिकाम्या दालनातील दहा सेकंदांचे सव्वादोन होतात, आणि चारशे माणसे असताना सव्वा सेकंदाहूनही कमी. कापूस जळतो, हा आक्षेप योग्य आहे. त्यासाठी त्याला टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणाची प्रक्रिया द्यावी लागते आणि अग्निशमन अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते. वर तैलरंग किंवा प्लास्टिकचा मुलामा मात्र चढवू नये. छिद्रे बुजली की कापसाची भिंत झाली. ढोल-ताशांचा आणि नव्या कर्ण्यांचा खर्जातील दणका एवढ्या जाडीने आवरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्याला यंत्राची कळ पिळणे हाच उपाय.

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथे नवे सभागृह किंवा कार्यालय बांधणाऱ्या मालकांना आणि विश्वस्तांना माझी विनंती एवढीच आहे की, ध्वनिवर्धकाच्या दुकानात जाण्यापूर्वी एकदा रिकाम्या दालनाच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी आणि ती विरेपर्यंत मनात आकडे मोजावेत. दोनच्या पुढे गेलात, तर प्रथम पिंजाऱ्याचा पत्ता काढावा.